मदत हवी आहे: सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्या स्क्रीनिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात कम्युनिटी मेडिसिनला एमडी करतेय. विषय आहे तंबाखू आणि विडी कामगारांचे श्वसनविकार. त्यावर झालेले अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून, निवडून एकत्र तपासायचे आहेत, म्हणजेच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. निपाणीच्या वखारींत तोंडावर पदर बांधून तंबाखू चाळणाऱ्या बायका पाहिल्यात, म्हणून हे काम नीटच व्हायला हवं.

पबमेड आणि स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसमधून अडीच हजारांवर लेखांच्या नोंदी निघाल्यात. मी आणि खानापूरला असणारी माझी मैत्रीण, दोघी स्वतंत्रपणे शीर्षक आणि सारांश वाचून कोणते लेख ठेवायचे ते ठरवणार, हेच स्क्रीनिंग. एकीचा निर्णय दुसरीला आधी दिसता कामा नये. रय्यान या स्क्रीनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ब्लाइंड मोड आहे, ते मला पटतं. कोव्हिडन्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मतभेद सोडवण्याची चांगली सोय आहे, पण वर्गणी परवडणारी नाही. तिसरं सॉफ्टवेअर एएसरिव्ह्यू मोफत, ओपन सोर्स आणि आपल्याच लॅपटॉपवर चालतं. खानापूरकडे पावसाळ्यात नेट जातं, तेव्हा ही गोष्ट मोठी आहे. मात्र ते आपल्या निर्णयांवरून शिकत महत्त्वाचे वाटणारे लेख वर आणतं. मग वाचणं थांबवायचं कुठे? तळाशी राहिलेला एखादा चांगला अभ्यास सुटला तर?

कोणी वापरलं असेल तर कृपया सांगा, थांबण्याचा नियम प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या आधी लिहायच्या आराखड्यात, कसा लिहिलात? आणि डुप्लिकेट नोंदी आधीच झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काढाव्यात की रय्यानवर सोपवाव्यात? मार्गदर्शकांना या आठवड्यात कळवायचं आहे.