पासवर्ड १२३४ लावून पीएफएक्स वाटणाऱ्यांसाठी

रात्रपाळी: काल इथे एकाने पॉवरशेलची (विंडोजला कमांड द्यायच्या साधनाची) पाच ओळींची स्क्रिप्ट टाकली. लोकल मशीनमधली सगळी सर्टिफिकेटं घ्या, एकेकावर एक्स्पोर्ट-पीएफएक्ससर्टिफिकेट चालवा (म्हणजे सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त की एकाच पीएफएक्स फायलीत बाहेर येते), पासवर्ड १२३४, फायली सी ड्राइव्हच्या टेम्पमध्ये. खाली 'लय भारी', 'सेव्ह केली' अशी रांग. तेव्हापासून डोकं तापलंय.

टेम्पमधली पीएफएक्स रात्रीच्या बॅकअपमध्ये जाते. पुढे तो बॅकअप कुणाकुणाच्या हाती लागतो, सांगता येईल का कुणाला? मागच्या नोकरीत एका जुन्या सर्व्हरच्या डेस्कटॉपवर वाइल्डकार्डची (सगळ्या सबडोमेनना चालणाऱ्या एकाच सर्टिफिकेटची) पीएफएक्स सापडली, शेजारीच पासवर्डची नोटपॅड फाइल. रिमोट डेस्कटॉप अकरा जणांना, त्यातले चार नोकरी सोडून गेलेले. सर्टिफिकेट रद्द केलं आणि रात्री दोनपासून उजाडेपर्यंत चौदा ठिकाणी नवं बसवत होतो. नवा सर्व्हर असेल तर नवी की, नवा सीएसआर (सर्टिफिकेट मागायचा अर्ज). की जागची हलवायचीच नाही.

खटपट्या: बोलायला काय जातंय. आमचा सीएसआर आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरवर केलेला, पुढे एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरलाही तेच वाइल्डकार्ड हवं. मॅनेजमेंट पैसे एकदाच देतं. पीएफएक्स काढायची, ओपनएसएसएल पीकेसीएस१२ला -नोसर्ट्स -नोड्स द्यायचं, नुसती की पासवर्डशिवाय बाहेर, काम झालं. दोनशे सर्टिफिकेटं एमएमसीत (विंडोजच्या ॲडमिन खिडकीत) राइट-क्लिक करत काढू? त्यात सर्टिफिकेटची कमाल मुदत घटतेय: मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १००, २०२९ पासून ४७. स्क्रिप्टशिवाय जमवून दाखवा, मग शहाणपण शिकवा.

रात्रपाळी: ४७ दिवस झाले की एसीएमईच (सर्टिफिकेट आपोआप घ्यायची पद्धत) लागणार, आणि त्यात प्रत्येक सर्व्हर आपली की आपणच बनवू शकतो. तुमच्या -नोड्सने की उघडीवाघडी डिस्कवर पडते. -पासआउटमध्ये पासवर्ड टाइप केलात तर तो बॅशच्या हिस्टरीत राहतो, कमांड चालू असताना पीएस मारून चालू कमांडींची यादी बघणाऱ्याला दिसतो. आणि री-इश्यूचे, म्हणजे तेच सर्टिफिकेट नव्या कीवर पुन्हा घ्यायचे, बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडत नाहीत. कधी विचारलंत?

जुनाखांब: इम्पोर्ट करतानाच 'एक्स्पोर्टेबल'ची (की बाहेर काढू देणारी) टिक काढा. वाद संपला.

खटपट्या: ती टिक म्हणजे कुलूप नाही. ॲडमिन असेल तर मिमिकॅट्झ या हॅकिंगच्या टूलने तसली सॉफ्टवेअरमधली की काढता येते, हे जुनं झालं. टीपीएम किंवा एचएसएममध्ये (की आत कोंडून ठेवणाऱ्या हार्डवेअरमध्ये) असेल तर गोष्ट वेगळी.

टेंडरवाली: हार्डवेअरचं मला सांगू नका. डीएससीच्या (डिजिटल सहीच्या) यूएसबी टोकनमधून की निघत नाही ना? म्हणून लोक अख्खं टोकनच देऊन टाकतात. आमच्या सीएंच्या ऑफिसात बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. त्यात चाळीसेक टोकन, प्रत्येकाला रबरबँडने चिठ्ठी, चिठ्ठीवर कंपनीचं नाव आणि पिन. नवीन आलेला आर्टिकलचा (शिकाऊ) पोरगासुद्धा डबा उघडतो. माझ्या नवऱ्याच्या सहीने एक टेंडर चुकीच्या रेटने भरलं गेलं. मेल आला तेव्हा आम्हाला कळलं. बोली मागे घेतली, ईएमडी (टेंडरची अनामत) बुडाली.

हिशेबनीस: ताई, सरसकट झोडपू नका. ऑक्टोबरअखेर एओसी-४ची (कंपनीचे वार्षिक हिशेब सरकारकडे भरायच्या फॉर्मची) गर्दी असते, रात्री अकराला डायरेक्टर फोन उचलत नाहीत. उशीर झाला की दिवसाला १०० रुपये जादा, आणि शिव्या आम्हाला. टोकन आम्ही मागत नाही. 'साहेब, तुमच्याकडेच असू द्या' म्हणून क्लायंटच आणून ठेवतात.

टेंडरवाली: आयटी ॲक्ट २०००चं कलम ४२ वाचलंय मी. की ताब्यात ठेवायची काळजी ज्याची सही त्यानेच घ्यायची. म्हणजे चूक आमचीही, मानते. पण पिन चिठ्ठीवर कुणी लिहिली? आम्ही नाही.

हिशेबनीस: व्हॉट्सॲपवर कुणी पाठवली? चाळीस पिना तोंडपाठ कशा ठेवायच्या? चुकीची टाकत राहिलं की टोकन लॉक, मग त्याचाही दोष आम्हालाच. डबा बंद कपाटात हवा, एवढं मात्र बरोबर आहे तुमचं.

रात्रपाळी: मंडळी, धागा पीएफएक्सचा आहे.

टेंडरवाली: मग मी दुसरं काय बोलतेय, दादा? तुमच्या डेस्कटॉपवरची फाइल आणि यांचा डबा, फरक काय?

रात्रपाळी: नाही फरक. पटलं.

खटपट्या: १२३४ आणि टेम्प चुकीचं, तेवढं मानतो. स्क्रिप्टच नको हे मानणार नाही. विंडोज डोमेनमध्ये असाल तर पासवर्डऐवजी -प्रोटेक्टटू लावून फाइल एडी ग्रुपला (डोमेनमधल्या यूजरच्या गटाला) बांधा, एन्क्रिप्शनचा अल्गोरिदम एईएस२५६ द्या. जुन्या पद्धतीची पीएफएक्स ओपनएसएसएल ३ला -लेगसीशिवाय उघडत नाही, तीही कटकट जाते.

रात्रपाळी: -प्रोटेक्टटू माझ्या ध्यानात नव्हतं, चांगलं सांगितलंत. पण एडीला बांधलेली फाइल तुमच्या एनजिनएक्सच्या मशीनवर ओपनएसएसएल उघडेल?

खटपट्या: नाही उघडत. ठीक आहे, संध्याकाळी तिथेच नवा सीएसआर करून री-इश्यूला टाकतो. पैसे मागितले तर इथेच येऊन विचारेन.

रात्रपाळी: जरूर विचारा. आणि टेम्पमधल्या फायली उडवल्या तरी बॅकअपमध्ये त्या आहेतच, तेव्हा जुनं सर्टिफिकेट रद्द करायलाही सांगा.