मदत हवी आहे: सीटीडीबीचे तिन्ही नोड अनहेल्दी, एकही शेअर उघडत नाही, तातडीचं

रात्रपाळी, रविवार रात्री ९:१०
नमस्कार मंडळी, फार अडकलोय म्हणून धागा काढतोय. ऑफिसात सांबाचा, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटणाऱ्या सर्व्हरचा, क्लस्टर आहे, तीन नोड म्हणजे तीन मशीन, वर त्यांना एकत्र सांभाळणारं सीटीडीबी. आज दुपारपासून सीटीडीबी स्टेटस मारलं की तिन्ही अनहेल्दी, आणि सीटीडीबी आयपी मारलं तर प्रत्येक पत्त्यापुढे उणे एक, म्हणजे लोक ज्या पत्त्यावर जोडतात तो पब्लिक आयपी कुणाकडेच नाही आणि त्यामुळे कुणाचाही शेअर (सामायिक फोल्डर) उघडत नाही. सीटीडीबी इनेबल करून झालं, चार वेळा सर्व्हिस रिस्टार्ट केली, एक नंबरचं मशीन रीबूट केलं तर ते पाच मिनिटं बॅन्ड झालं (क्लस्टरने बाहेर ठेवलं) आणि मग परत अनहेल्दी. काहीही बदललेलं नाही, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळं झकास चालू होतं. उद्या ११ वाजता टेंडरचे नकाशे अपलोड करायचेत आणि सगळ्या फायली आत अडकल्यात. लगेच सांगा प्लीज.

कृष्णाकाठ, ९:१८
व्हर्जन कुठलं, ओएस कुठली, खाली फाइल सिस्टम कोणती, लॉगमध्ये शेवटच्या ओळी काय आहेत? एवढं तरी द्या हो, नुसतं अनहेल्दी म्हणून कुणाला काय कळणार.

रात्रपाळी, ९:२१
उबुंटू २२.०४, सांबा ४.१५. लॉग खूप मोठा आहे.

कृष्णाकाठ, ९:२२
फाइल सिस्टम राहिली सांगायची.

रात्रपाळी, ९:२६
ग्लस्टर, म्हणजे तिन्ही मशीनवर मिळून पसरलेली फाइल सिस्टम, रेप्लिका ३ (प्रत्येक फायलीच्या तीन प्रती). पण ग्लस्टर ठीक आहे, प्रॉब्लेम सीटीडीबीचा आहे.

ब्रिकवाला, ९:३१
ग्लस्टर म्हटलं ना, मग आधी तिकडेच बघा. "ठीक आहे" असं वाटतं तेव्हाच तो आतून फाटलेला असतो. आमच्याकडे सांगलीत एका प्रेसला रेप्लिका २ करून दिलं होतं, मधला स्विच दहा मिनिटं गेला आणि दोन्ही ब्रिकवर (एकेका मशीनवरची साठवणीची जागा) एकाच फायलीत वेगवेगळं लिहिलं गेलं, मग स्प्लिट ब्रेन सोडवता सोडवता दोन रात्री गेल्या. तेव्हापासून मी आर्बिटर (कुणाची प्रत खरी ते ठरवायला मदत करणारा तिसरा) नसलेला दोनाचा व्हॉल्यूम कुणालाच करून देत नाही. ग्लस्टर पीअर स्टेटस, ग्लस्टर व्हॉल्यूम स्टेटस आणि ग्लस्टर व्हॉल्यूम हील, पुढे व्हॉल्यूमचं नाव, पुढे इन्फो, हे तिन्ही मारा आणि आउटपुट द्या. फायरवॉलमध्ये २४००७ आणि ४९१५२ पासून पुढचे पोर्ट उघडे आहेत ना तेही बघा.

साधासरळ, ९:३७
एक प्रामाणिक प्रश्न. किती माणसं आहेत ऑफिसात? २०-२५ असतील तर क्लस्टर कशाला? चार डिस्कांचा एक एनएएस (नेटवर्कवरची डिस्कपेटी) घ्यायचा, रोज रात्री दुसऱ्या खोलीतल्या डबड्यावर कॉपी, विषय संपला. मी सात वर्षं असंच चालवतोय, रविवारी रात्री कुणाचा फोन येत नाही.

ब्रिकवाला, ९:४०
आणि त्या एनएएसचा मदरबोर्ड गेला की? आठ दिवस पार्टची वाट बघत बसायचं? क्लस्टर मुळात त्यासाठीच असतो ना.

साधासरळ, ९:४३
आत्ता कुणाचं काम बंद आहे ते बघा. तीन मशीन असून बंद आहे.

तांबडं_फुटलं, ९:४६
मला हे नोड्स फायलीचं (सगळ्या नोडच्या पत्त्यांची यादी) वाटतंय. नोड्सची फाइल तिन्ही मशीनवर अक्षरशः सारखी हवी, क्रमसुद्धा. आमचा एक नोड कायमचा काढायचा होता, मी सरळ त्याची ओळ डिलीट केली, तर खालच्या सगळ्यांचे नंबर एकने वर सरकले आणि नुसता गोंधळ झाला. ओळ काढायची नसते, तिच्यापुढे हॅश टाकायचा आणि सीटीडीबी रीलोडनोड्स मारायचं, म्हणजे नंबराची जागा तशीच राहते. तुमच्याकडे पूर्वी चौथा नोड होता का?

रात्रपाळी, ९:५२
नाही, पहिल्यापासून तीनच. फाइल तिन्हीकडे सारखी आहे, आत्ताच एमडी५सम काढून पाहिलं. ब्रिकवाला दादा, पीअर सगळे कनेक्टेड, हील इन्फोमध्ये तिन्ही ब्रिकवर शून्य एन्ट्री, म्हणजे दुरुस्त करायचं काही बाकी नाही.

ब्रिकवाला, ९:५४
शून्य? बरं. मग माउंट (मशीनला जोडलेला व्हॉल्यूम) हँग झाला असेल. डीएफ मारून बघा, अडकतं का.

शाळेचा_संगणक, ९:५८
सांबाचाच विषय आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या संस्थेच्या ऑफिसात जुनं झेरॉक्स मशीन आहे, त्यातून स्कॅन केलेलं थेट फोल्डरात जायचं. सर्व्हर नवीन केल्यापासून जात नाही, लॉगिन फेल म्हणतं. पासवर्ड बरोबर आहे. काय करावं?

कृष्णाकाठ, १०:०१
त्यासाठी वेगळा धागा काढा ना राव, इथे एकाचा जीव टांगणीला लागलाय.

टर्मिनलवाली, १०:०५
रात्रपाळी, आता रिस्टार्ट आणि रीबूट थांबवा, त्याने काही होणार नाही. सीटीडीबी इनेबलने सुद्धा नाही, ते फक्त आपण स्वतः डिसेबल केलेल्या नोडसाठी. अनहेल्दी हा शिक्का सीटीडीबी स्वतः मारतं, त्याच्या मॉनिटर स्क्रिप्टांपैकी एखादी नापास झाली की. सीटीडीबी दर १५ सेकंदांनी सगळ्या स्क्रिप्ट क्रमाने चालवतं आणि पहिली जी नापास होते तिथेच थांबतं, पुढच्या चालवतच नाही. म्हणजे कोण नापास झालं ते विचारलं की अर्धं काम झालं. तिन्ही नोडवर मारा: सीटीडीबी इव्हेंट स्टेटस लेगसी मॉनिटर. एकाच जागेवरून करायचं तर आधी ऑननोड ऑल लावा. आणि सीटीडीबी स्टेटसच्या खाली रिकव्हरी मोड काय येतोय तेही सांगा.

रात्रपाळी, १०:११
रिकव्हरी मोड नॉर्मल. इव्हेंट स्टेटसमध्ये सगळे ओके, फक्त ५०.सांबा पुढे एरर. तिन्ही नोडवर तेच.

टर्मिनलवाली, १०:१३
छान. रिकव्हरी मोड नॉर्मल म्हणजे नोड एकमेकांशी बोलतायत, लॉकचंही (एका वेळी एकाच नोडच्या हाती असणारं कुलूप) आत्ता ठीक आहे, सीटीडीबी स्वतः धडधाकट आहे. आता एररच्या खाली आउटपुट म्हणून एक ओळ असते, ती दिली नाहीत तुम्ही. तीच हवी आहे.

गटिंगनकर, १०:१६
ताई बरोबर सांगतायत. मी जर्मनीत गटिंगनला आहे, सांबाची मोठी वार्षिक परिषद इथेच भरत आलीय, त्यामुळे कान थोडे तयार झालेत. क्लस्टर उभा करताना पिंग पाँग (लॉक तपासायचा छोटा प्रोग्राम) चालवून लॉक तपासले होते का? सामायिक फाइल सिस्टमवर एक फाइल घ्यायची आणि नोड असतील त्याहून एक जास्त आकडा द्यायचा, म्हणजे तुमच्याकडे ४. सगळ्या नोडवर एकदम चालू केल्यावर लॉकचा वेग दणकन खाली यायला हवा. नाही आला तर फाइल सिस्टम एकाचं लॉक दुसऱ्याला कळवतच नाहीये.

तांबडं_फुटलं, १०:१८
विषयांतर होतंय, पण सांबा हे नाव कसं पडलं माहितीय का, सांबा लिहिणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने एस, एम, बी (एसएमबी हा फायली वाटायचा प्रोटोकॉल) ही तीन अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द डिक्शनरीच्या फायलीत ग्रेप करून शोधले होते, त्यातला हा एक. सीटीडीबीचं सुरुवातीचं कामही त्याचं आणि रॉनी साल्बर्गचं.

रात्रपाळी, १०:२०
ओळ मिळाली. एरर: सांबा डिरेक्टरी, मग आमच्या जुने-प्रकल्प शेअरचा पाथ, मग नॉट अव्हेलेबल. पण हा शेअर तर आठवड्यातून एखादा माणूस उघडतो, त्याच्यासाठी बाकीचे सगळे शेअर कसे बंद पडतील?

टर्मिनलवाली, १०:२९
पडतात, आणि त्यामागे कारण आहे. ५०.सांबा ही स्क्रिप्ट कॉन्फिगमधल्या प्रत्येक शेअरचा पाथ जागेवर आहे का ते बघते. नसेल तर तिला वाटतं की या मशीनवर माउंट उडालाय, म्हणून ती नोडला आजारी ठरवते, म्हणजे त्याचा आयपी दुसऱ्या चांगल्या नोडकडे जावा. एका मशीनचा माउंट खरंच उडाला असता तर तुम्हाला कळलंही नसतं इतकं ते गुपचूप झालं असतं. पण तुमचा फोल्डर सामायिक व्हॉल्यूमवरूनच गेलाय, तो तिन्हीकडे नाही, म्हणून तिन्ही आजारी. आणि सगळेच आजारी असताना आयपी कुणाला द्यायचा की नाही ते नोआयपीहोस्टऑनऑलडिसेबल्ड या ट्यूनेबलवर (सेटिंगवर) ठरतं, सीटीडीबी गेटव्हारने बघा, तुमच्याकडे १ असणार, म्हणून उणे एक दिसतंय.
आता एलएस मारून तो फोल्डर कुठे गेला ते शोधा. नवा रिकामा फोल्डर घाईने करू नका, आधी जुना सापडू दे.

ब्रिकवाला, १०:३३
अहो एवढं कशाला, स्क्रिप्ट ऑप्शन्सच्या फायलीत सीटीडीबी सांबा स्किप शेअर चेक याला यस करा, मिनिटात सुरू होईल. ग्लस्टरवर सगळे तेच करतात.

टर्मिनलवाली, १०:३९
सगळे करतात ते व्हीएफएस मॉड्यूल (माउंट न करता सांबाला थेट ग्लस्टरशी जोडणारं) वापरणारे. त्यांचा पाथ व्हॉल्यूमच्या आतला असतो, लोकल मशीनवर तो दिसतच नाही, म्हणून त्यांना तपासणी बंद करावीच लागते. रात्रपाळींनी डीएफचं विचारल्यावर माउंट नाही असं म्हटलेलं नाही, म्हणजे बहुतेक फ्यूज माउंट आहे, व्हॉल्यूम मशीनवर नेहमीच्या फोल्डरासारखा दिसतो तो. तिथे तपासणी बंद केली आणि उद्या एका नोडचा माउंट उडाला तर तो नोड ओके म्हणत आयपी धरून बसेल आणि तिसरा हिस्सा लोकांना शेअरच सापडणार नाहीत, आणि सीटीडीबी स्टेटस मात्र हिरवंगार. हे मी भोगलंय, दोन दिवस शोधत होते.

ब्रिकवाला, १०:४२
मान्य, मी नेहमी व्हीएफएसच लावतो त्यामुळे तसं म्हणालो. फ्यूज असेल तर चालू राहू द्या तपासणी. पण उद्या ११ ची वेळ आहे, काही नाहीच सापडलं तर तात्पुरतं करायला हरकत नाही.

साधासरळ, १०:४४
एक फोल्डर हलला म्हणून अख्खं ऑफिस बंद, मी हेच सांगत होतो.

रात्रपाळी, १०:५८
सापडलं!! फ्यूज माउंटच आहे. फोल्डर गेला नव्हता, नाव बदललं होतं, "जुने प्रकल्प २०२२ पर्यंत" असं. आमच्याकडे साहेबांसाठी एक वरचा शेअर आहे ज्यात बाकी सगळे शेअर फोल्डर म्हणून दिसतात, मी तो विसरूनच गेलो होतो कारण तो मी यायच्या आधीपासून आहे. साहेबांना आत्ता फोन केला, म्हणाले हो, आज दुपारी घरून कनेक्ट होऊन जरा आवरत होतो. एमव्हीने जुनं नाव परत दिलं आणि साधारण २० सेकंदांत तिन्ही नोड एकामागून एक ओके, सीटीडीबी आयपीमध्ये पत्ते वाटले गेले, नकाशे उघडले. ट्यूनेबल १ च होता. टर्मिनलवाली ताई, काय बोलू, खरंच मनापासून आभार, आणि बाकी सगळ्यांचेसुद्धा.

कृष्णाकाठ, ११:०१
म्हणजे बदललं होतं की काहीतरी. पुढच्या वेळी "काही बदललं नाही" लिहायच्या आधी ऑफिसात चार जणांना विचारा, आपला वेळ वाचतो. नकाशे आत्ताच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा, सकाळची वाट बघू नका.

टर्मिनलवाली, ११:०६
वा, बरं झालं. तो वरचा शेअर साहेबांना रीड ओन्ली करून द्या, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईला परत हेच. आणि फोल्डरचं नाव खरंच बदलायचं असेल तर आधी कॉन्फिगमधून शेअर काढायचा, मग फोल्डर हलवायचा, मग नव्या पाथने शेअर घालायचा. कॉन्फिग तिन्हीकडे हाताने कॉपी करत असाल तर नेट कॉन्फने रजिस्ट्रीत न्या, ती सीटीडीबीच सगळ्या नोडवर सारखी ठेवतं.

रात्रपाळी, ११:१०
हो, हातानेच करतो, बदलतो. एकच राहिलं, रीबूटनंतर तो नोड बॅन्ड का झाला होता?

गटिंगनकर, ११:१७
रिकव्हरी लॉकची फाइल कुठे आहे? ग्लस्टरच्या माउंटवर असेल तर मशीन चालू होताना सीटीडीबी आधी उठलं आणि माउंट नंतर आला, मधल्या वेळात त्याला लॉकची फाइलच मिळाली नाही, म्हणून बॅन. बॅनचा काळ मुळात ३०० सेकंद असतो, तुमची पाच मिनिटं तीच. सिस्टमसीटीएल एडिट सीटीडीबी करून यूनिटच्या भागात रिक्वायर्स माउंट्स फॉर लिहा, पुढे माउंटचा पाथ, म्हणजे माउंट झाल्याशिवाय ते उठणारच नाही. एफएसटॅबमध्ये अंडरस्कोर नेटडेव्ह आहे ना तेही बघा.

रात्रपाळी, ११:२१
लॉक तिथेच आहे. हे मंगळवारी करतो, उद्या टेंडर होईपर्यंत कशालाच हात लावत नाही.

शाळेचा_संगणक, ११:२४
यांचं झालं असेल तर माझं बघाल का कुणी? झेरॉक्सचं.

टर्मिनलवाली, ११:३२
तुमचा पासवर्ड बरोबरच असेल. सांबा ४.११ पासून जुना एसएमबी१ मुळातच बंद असतो आणि जुन्या मशीनला बहुधा तेवढाच येतो. सर्व्हर मिन प्रोटोकॉल एनटी१ केलं तर चालेल, पण तो बदल एका शेअरपुरता होत नाही, अख्खा सर्व्हर जुन्या प्रोटोकॉलला उघडा पडतो, म्हणून शाळेच्या मुख्य सर्व्हरवर करू नका. मशीनच्या सेटिंगमध्ये एफटीपी दिसतंय का बघा, असेल तर एखाद्या बाजूच्या पीसीवर एफटीपी उघडून तिकडे स्कॅन पाठवा. मशीनचं मॉडेल टाका, उद्या संध्याकाळी बघते.