मिनी ट्रेनवरच्या पोरांना युनियन कशाला, म्हणे!

नेरळकर: काल इथेच एकानं लिहिलं, "माथेरानच्या गाडीवरच्या कंत्राटी पोरांना युनियन कशाला? आठ महिने डोंगराची हवा खायची, चार महिने सुट्टी." डोकंच फिरलं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत नेरळहून गाडी बंद असते, तेव्हा घरी बसतात ते बिनपगारी. दरड पडली की दोन दिवसांपुरती हाक. माझा धाकटा भाऊ दोन वर्षं एका ठेकेदाराकडे रुळांवर होता. रेनकोट स्वतःचा, हजेरी मुकादमाच्या मर्जीवर. शेजारी रेल्वेचा पर्मनंट गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा, त्याला पगारी रजा. माती तीच, फावडं तेच.

आकडेमोड्या: लिहिणारा मीच. २००५ ला रूळ वाहून गेले, २०१६ ला डबे घसरले म्हणून बंद, २०१९ ला पुन्हा वाहून गेले, ते थेट २०२२ ला सुरू. त्यात संपाची भर घाला, म्हणजे गाडी कायमची बंद करायला निमित्त मिळेल.

कल्याणची_चाळ: संपाचं मला सांगू नका. ७४ च्या रेल्वे संपात वडील नोकरीतून गेले, आईचं मंगळसूत्र सावकाराकडे. जनता सरकार आल्यावर वडिलांना कामावर परत घेतलं. तरी म्हणते, युनियन हवीच. पण कोणती? डिसेंबर २०२४ ला रेल्वेत युनियनच्या मान्यतेचं मतदान झालं, त्यात ठेक्यावरच्या पोरांना मत होतं का? मत नाही, म्हणून पुढारी ढुंकून बघत नाहीत.

दस्तुरी_नाका: संघटनेनं काय होतं ते माथेरानच्या हातरिक्षावाल्यांना विचारा. ते कोर्टात भांडले म्हणून ई-रिक्षा आली. ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा म्हणून सांगितलं.

घोडेवाला: आणि आमचं काय? घोडा पावसाळ्यातही दाणा खातो. संघटना त्यांची, गिऱ्हाईक गेलं आमचं.

दस्तुरी_नाका: माणसानं माणूस ओढायचा, तुमचा घोडा जगावा म्हणून?

घोडेवाला: असं मी म्हटलं का? शब्द तोंडात कोंबू नका. शनिवार-रविवार येऊन फोटो काढणाऱ्यांनी तर अजिबात नाही.

दस्तुरी_नाका: मी इथलाच आहे हो! लाल मातीतच वाढलोय. लीद तुडवत शाळेत गेलोय.

घोडेवाला: मग त्या लिदीवर किती घरं चालतात तेही ठाऊक असेल.

कल्याणची_चाळ: धागा रेल्वेचा आहे, घोड्यांचा नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं, ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं भरायचा. पण बुडवला हे सांगणार कोण? एकटा पोरगा?

आकडेमोड्या: बरं बाई, जिंकलात. रेनकोट ठेकेदारानं द्यावा, इतपत मान्य. तेवढ्यासाठी युनियन कशाला? तोंड आहे, मागावा.

नेरळकर: मागितला होता भावानं. दुसऱ्या दिवशी हजेरीत नाव नव्हतं.