मदत हवी आहे: ऑटिझम, आवाजाची भीती आणि हेडफोनची दहा दिवसांची थेरपी

मुलगा साडेतीन वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वी ऑटिझमचं निदान झालं. बेरा टेस्ट (ऐकू येतं का याची तपासणी) नॉर्मल. हाक मारली तर ढिम्म, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की हजर! मिक्सर लावला मात्र की कानांवर हात आणि किंकाळ्या. चटणी आता नवरा त्याला खाली खेळायला नेतो तेव्हाच मी वाटते. गेल्या गणपतीत ढोल-ताशा गल्लीत शिरला, तेव्हा नळ सोडून बाथरूममध्ये त्याला कुशीत घेऊन बसले होते.

स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं आणि स्पर्श-आवाज झेपण्यासाठीची) चालू आहे. आता एका सेंटरने 'ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंग' सुचवलंय. हेडफोनवर फिल्टर केलेलं संगीत, अर्ध्या अर्ध्या तासाची दोन सेशन, असे दहा दिवस. गी बेरार या फ्रेंच कान-नाक-घसा डॉक्टरांची पद्धत. पस्तीस हजार, तेही आगाऊ. भीती जाईल, बोलायलाही लागेल म्हणतात. नवरा म्हणतो, दहाच दिवस आहेत, करून टाकू. सासूबाईंचं, "याचा बाबाही उशिराच बोलला."

वाचलं तर कुठले उपचार वापरावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत, ऑटिझममधल्या भाषा-वाचेच्या अडचणींसाठी हे वापरू नका, असं स्वच्छ लिहिलंय. सेंटरमध्ये विचारलं, तर "परदेशातलं वेगळं असतं." पद्धत फ्रान्सची चालते, तपासणी तेवढी परदेशी!

कुणी केलंय का? फरक किती टिकला? आणि जो टोपीसुद्धा भिरकावतो, त्याच्या डोक्यावर अर्धा तास हेडफोन राहतो कसा?

प्रतिसाद १
मी स्पीच थेरपिस्ट आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९८ मध्येच याला पुरेसा आधार नाही म्हटलं होतं. कॉक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते, तिच्या २०११ च्या आढाव्यातही खात्रीचा पुरावा सापडला नाही. म्युझिक थेरपी निराळी, तिथे माणूस मुलासोबत बसून वाजवतो. मुलं रमतात, पण २०१७ मध्ये नऊ देशांतल्या ३६४ मुलांवरच्या चाचणीत ऑटिझमच्या मूळ लक्षणांत त्यानेही फरक दिसला नाही. तेव्हा आवडीसाठी जरूर करा, 'बोलेल' म्हणून नको.

मिक्सरचं बटण त्यालाच दाबू द्या. आधी रिकामा, क्षणभर. आवाज आपल्या हातात आहे म्हटल्यावर बऱ्याच मुलांना तो सोसतो. मिरवणुकीला इअरमफ (आवाज कमी करणारी कानझाकणं) घाला, पण दिवसभर नको. त्याने कान आणखी हळवे होऊ शकतात.

प्रतिसाद २
आम्ही केलं होतं. मुलगी त्याच सुमारास बोलू लागली, पण स्पीचची सेशनही तेव्हाच वाढवली होती. श्रेय कुणाला द्यायचं, देव जाणे. पैसे परत मिळाले नसते, म्हणून दहाही दिवस रडवत नेलं, ते मात्र आजही टोचतं.

धागाकर्ती
दोघांचे आभार. पैसे भरलेले नाहीत. काल बटण दाबायला दिलं. दाबलं, पळाला, मग दाराआडून डोकावून बघत उभा. चटणी अजून तो खाली गेल्यावरच. एवढ्या लहान डोक्याला बसणारे इअरमफ कुठे मिळतील? गणपतीच्या आत हवेत.