नऊ पिलांतले पाच कोंबडे निघाले, आता काय करू?

मदत हवी आहे. आधीच सांगतो, मी शाकाहारी नाही. रविवारी पिशवी घेऊन चिकनच्या दुकानासमोर रांगेत मीच असतो. त्यामुळे "मग एवढा लळा कशाला लावून घेतला" हे घरात ऐकून झालंय.

औशाबाहेर प्लॉटवर घर बांधल्यावर आईनं हौसेनं चार गावरान कोंबड्या आणल्या, एका पाव्हण्यानं कोंबडा दिला. तो पुढं कुत्र्यानं नेला. माघात एक कोंबडी खुडूक बसली, तिच्याखाली ११ अंडी ठेवली. सातव्या रात्री लेक आणि मी एकेक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघत होतो. आत लाल शिरांचं जाळं दिसलं की ती ओरडायची, "हे जित्तं हाय!" दोन रिकामी निघाली, बाकीची २१व्या दिवशी फुटली. शेवटचं पिलू अर्ध्या टरफलात दिवसभर अडकलं होतं. त्याचं नाव लेट्या.

दोन महिन्यांत पाच जणांचे तुरे लाल झाले. आई म्हणाली, "नर हायत की रे सगळे." आता माद्या आठ आणि कोंबडे पाच. दोन कोंबड्यांच्या पाठीची पिसं पार गेलीत, म्हातारी तर टाकीमागून बाहेरच येत नाही. पहाटे साडेतीनपासून बांग. शेजारच्या पोराची परीक्षा आहे, ते लोक चांगले आहेत म्हणून अजून बोलले नाहीत.

एक आठवडी बाजारात विकला, पाचशेला. घेणाऱ्यानं पाय बांधून गाडीच्या हँडलला उलटा टांगला. तो माझ्याकडं बघत होता असं म्हणणार नाही, उलटं टांगलेलं कोंबडं कुठं बघतं देव जाणे. मी मात्र बघत होतो. दुसऱ्या एकानं झुंजीसाठी मागितला, त्याला सरळ नाही म्हणालो (प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६०च्या कायद्यानं तो गुन्हाच आहे). आता आखाड तोंडावर, आणि आईनं एक मरीआईला बोललाय. लेट्या मात्र स्कूटरच्या सीटवर येऊन बसतो, हाक मारली की पळत येतो.

उरलेले चौघं वेगळे ठेवता येतात का? आणि नऊ वर्षांच्या लेकराला काय सांगायचं?

प्रतिसाद, निलंगा तालुक्यातून:
दादा, नुसते नर एकत्र राहतात, पण कोंबड्या नजरेला पडता कामा नयेत. मधे हिरवी जाळी दुहेरी लावा, दाण्याची भांडी दोन-तीन ठेवा. तरी एखादा रक्त काढेपर्यंत भांडतो, तो जाणारच. रात्री डाल्याखाली कोंडून वर गोणपाट टाका, बांग थोडी उशिरा सुरू होते. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुष्कळ झाला. नुसत्या अंड्यांसाठी तर कोंबडा लागतच नाही. पुढच्या वेळी खुडूक बसली की अंडी उचला, हा सगळा घोर तिथंच संपतो.

राग मानू नका, पण लेट्याला तुम्ही ठेवूच नका. त्या चार तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, त्याच्या बहिणी आहेत. आम्ही वस्त्यांवर नर अदलाबदल करतो. माझ्याकडं बारा माद्या आहेत, कोंबडा म्हातारा झालाय. लेट्या द्या, माझा तरणा एक घेऊन जा. नवीन आलेला दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा, उदगीरला २०२५च्या जानेवारीत कावळे बर्ड फ्लूनं मेले ते विसरू नका. बाकीच्यांचं म्हणाल तर आमची माय घरचं कोंबडं घरी कधी कापू देत नव्हती. शेजारी द्यायची, त्यांचं आमच्याकडं यायचं. खाणारे सगळे तेच, पण ताटातलं ओळखीचं नसायचं.

मूळ धागाकर्ता:
लेकीला सगळं खरं सांगितलं, मरीआईचंसुद्धा. ती रडली, दोन दिवस आजीशी बोलली नाही. लेट्याचं तिला पटलंय, फक्त सोबत यायचं म्हणते. निलंग्यापर्यंत स्कूटरवर टोपलीत ठेवून, वर ओलं फडकं बांधून आणला तर चालेल ना? किती वाजता निघू, ऊन फार आहे.