बाबांले वर्षभरात तिसरं गळू, मधे नागीण. प्रतिकारशक्ती कमी झाली म्हणतात, पण कशानं?

पऱ्हाटीवाला (वणी तालुका):
नमस्कार. आमची अकरा एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. बाबा ५८ वर्षांचे. मागच्या पोळ्यापासून त्याईच्या मागं काही ना काही लागूनच आहे. आधी मांडीवर गळू झालं, चिरा मारून पू काढला. दिवाळीत पाठीवर दुसरं. संक्रांतीले बरगडीवर नागीण निघाली, सदरा अंगाले लागू देत नव्हते. आता बगलेत पुन्हा गळू आहे अन् जांघेत गजकर्ण, मलम लावू लावू थकलो.

ज्याले विचारलं तो म्हणते, प्रतिकारशक्ती कमी झाली. डॉक्टर म्हणते, मेडिकलवाला म्हणते, बहिणीचे सासरे म्हणते. पण कमी झाली कशानं, हे कोणीच सांगत नाही. मेडिकलमधून ६५० रुपयांची पावडर आणली, दुधात देतो. आई रोज गुळवेलीचा काढा देते. बाबांनी तीस वर्षं फवारणी केली, तोंडाले नुसतं फडकं बांधून. २०१७ मधे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकरी गेले, तेव्हापासून माह्या डोक्यात तेच आहे. ते विषच अंगात भिनलं असंन का? का तंबाखू-सुपारीचा खर्रा? का वयच झालं?

दर्यापूरची सून:
दादा, पहिले शुगर तपासा. आमच्या मामाजींच्या पायाची जखम तीन महिने भरली नाही, सगळे म्हणत होते रक्त खराब झालं. रक्त काढलं तर शुगर साडेतीनशेच्या वर. गोळ्या सुरू झाल्यावर तीच जखम महिनाभरात सुकली.

निवृत्त सिस्टर, हिंगणघाट:
बाबू, मी ३१ वर्षं उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. मला आधी एवढंच सांग, बाबा कोणत्या दुखण्यासाठी काय काय घेऊन राहिले? डॉक्टरची गोळी, बाजारातली पुडी, इंजेक्शन, सगळं. आणि गेल्या दोन वर्षांत अंगात काय बदल दिसला?

पऱ्हाटीवाला:
बीपी नाही, शुगर कधी पाह्यली नाही. गुडघे दुखतात म्हणून मंगळवारच्या बाजारातून जडीबुटीची पुडी आणतात, दोन वर्षं होत आले. राखाडी भुकटी असते. तिनं लय फरक पडला. पहिले काठी घेऊन चालत, आता रानडुकरांच्या जागलीले रात्री एकटे जातात. भूक वाढली. तोंड असं भरलं की गावातले म्हणते, बुढ्यानं अंग धरलं. फक्त जरासं खरचटलं की हातावर काळेनिळे डाग पडतात.

निवृत्त सिस्टर, हिंगणघाट:
अंग धरलं असतं तर हातपायही भरले असते रे. तोंड गोल, पोट पुढे, दंड-पिंढऱ्या बारीक, कातडी पातळ आणि डाग, असं आहे का ते पाहा. असेल तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याचा मला दाट संशय आहे. असे रोगी मी दरवर्षी पाहिले. जडीबुटीत प्रेडनिसोलोन नाहीतर डेक्सामेथासोन कुटून घालतात. म्हणून तर वर्षानुवर्षं दुखणारा गुडघा दोन दिवसांत मोकळा होतो.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. दम्यात, किडनीच्या काही आजारांत त्यानं जीव वाचतो, पण ते मोजून आणि देखरेखीखाली देतात. रोज, बिनमोजणीचं, दोन वर्षं पोटात गेलं तर जंतू शिरलेल्या जागी पांढऱ्या पेशी वेळेवर पोचत नाहीत. ताप आणि सूजही दबते, म्हणून गळू आतून पिकलं तरी माणूस जागलीला जातो. वरून शुगर चढते, आणि चढलेल्या शुगरमध्ये त्या पेशी अजून मंद होतात. दर्यापूरच्या ताईंनी बरोबर सांगितलं. नागिणीचंही तसंच. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि शरीराचा पहारा ढिला पडला की उठतो. वयानंही उठतो, पण बाबांना एकाच वर्षात तीन गळवं आणि वरून गजकर्ण आहे, मग नुसत्या वयावर सोडून देऊ नको.

आता हे नीट वाच. पुडी एकदम फेकू नको. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून फुकट मिळत राहिलं की त्या झोपी जातात. एकाएकी बंद केलं तर उलट्या, गळाठा, बीपी खाली, जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी घेऊन उद्याच ग्रामीण रुग्णालयात जा. डॉक्टर ती हळूहळू उतरवतील.

तिथेच शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा. छातीचा एक्सरे आणि थुंकी तपासा, कारण स्टेरॉइडवर दबलेला टीबी जागा होतो. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट होते, नाव बाहेर जात नाही. बाबांच्या चारित्र्यावर हा संशय नव्हे. वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या कोणाचीही ती करतातच. लाजेपायी ही एक तपासणी टाळली आणि दोन वर्षं नुसते टॉनिक पीत राहिले, असे लोक मी पाहिलेत. फार वाईट वाटतं.

फवारणीचं म्हणशील तर २०१७ मध्ये जे झालं ते विष थेट नसांवर मारा करतं. त्यानं ही गळवं झाली, असं मी छातीठोक सांगणार नाही. हातमोजे, मास्क मात्र वापराच. खर्ऱ्यानं तोंड उघडणं कमी झालं की माणूस भाकर चावू शकत नाही, वरण-अंडी सुटतात, त्या वाटेनंही ताकद जाते. बाबांचं तोंड किती उघडतं, तीन बोटं जातात का, तेही पाहा.

काढा तूर्त थांबवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं आहे. आणि ६५० रुपयांत महिनाभर अंडी, चणे, शेंगदाणे येतात.

कोरपन्याचा बाप:
सिस्टर, माझी मुलगी चार वर्षांची, सिकलसेल एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला रक्ताचा आजार. तिलाही सगळे अशक्त अशक्तच म्हणत. दोनदा न्यूमोनिया झाला तेव्हा समजलं की रक्तातल्या वाकड्या झालेल्या लाल पेशी प्लीहेत अडकतात आणि रक्तातले जंतू गाळणारी ती प्लीहाच निकामी होत जाते, बहुतेक पोरांची पाच वर्षांच्या आत. आता रोज पेनिसिलिन आहे, न्यूमोकोकलची लस झाली. ताप आला की सकाळची वाट पाहत नाही, रात्रीच गाडी काढतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत हा आजार घरोघरी आहे, लहान लेकरू वारंवार आजारी पडत असेल तर सिकलसेलची तपासणी मागून घ्या.

पऱ्हाटीवाला (नऊ दिवसांनी):
शुगर ३१२ निघाली. एक्सरे साफ, थुंकी साफ, एचआयव्ही नाही. डॉक्टरनं पुडी पाह्यली अन् सिस्टर म्हणाल्या तेच म्हणाले. आता मोजून गोळी दिली आहे, कॅलेंडरवर खुणा करून हळूहळू कमी करायची. बगलेतला पू काढला. गुडघे मात्र पुन्हा दुखून राहिले, बाबा ओट्यावर बसून असतात, माह्याशी बोलत नाही. जागलीले मी जातो.

आमच्या गल्लीतले चार बुढे त्याच पुडीवर आहेत. एकाच्या पायाले जखम आहे. गुरुवारी कापसाच्या गाडीत चौघांनाही घेऊन जातो. सगळ्यांची शुगर पाहाले सांगू ना?

निवृत्त सिस्टर, हिंगणघाट:
हो बाबू. गुरुवारपर्यंत कोणालाही पुडी सोडू देऊ नको. पायाच्या जखमेवाल्याला मात्र उद्याच ने. आणि प्रत्येकाची पुडी वेगवेगळ्या कागदात, नाव लिहून सोबत ठेव.