मदत हवी आहे: एसओ-५० मस्त ऐकू येतो, पण माझा आवाज काही वर पोचत नाही

गच्चीबहाद्दर:

मंडळी नमस्कार. तीन आठवडे झाले, आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय. लांबलचक होणारे हे आधीच सांगतो, पण अर्धवट माहिती दिली की पहिले दहा प्रतिसाद माहिती विचारण्यातच जातात, त्यापेक्षा सगळं एकदम ओततो.

तर एसओ-५०, हौशी रेडिओवाल्यांचा (हॅम) सॅटेलाइट, जमिनीवरून आलेला आवाज परत खाली पाठवणारा. २००२ च्या डिसेंबरात सोडलेला, एफएमवाला, अजून चालतोय. वर जायला १४५.८५० मेगाहर्ट्झ, खाली यायला ४३६.७९५, आणि वर जाताना ६७ हर्ट्झचा टोन (आवाजाखाली सतत चालणारा बारीक सूर, तो असला तरच सॅटेलाइट दार उघडतो) लागतो. वाचलंय, लावलाय, त्यामुळे कृपया पहिला प्रतिसाद "टोन लावला का" असा नको.

सामान म्हणाल तर ५ वॉटचा ड्युअल बँड (दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर, म्हणजे १४५ आणि ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) हँडहेल्ड, हातात धरायची यागी (एका दिशेला रोखायची काड्याकाड्यांची अँटेना), दोन्ही बँड एकाच केबलवर, केबल जेमतेम दीड मीटर. डॉप्लरसाठी (सॅटेलाइटच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सरकते त्यासाठी) पाच मेमरी केल्यात, ४३६.८०५ पासून पाच-पाच किलोहर्ट्झ उतरत ४३६.७८५ पर्यंत, पास (सॅटेलाइटची आपल्या आकाशातली एक फेरी) सुरू होताना सगळ्यात वरची आणि मग सॅटेलाइट डोक्यावरून पुढे सरकेल तसं एकेक खाली. ट्रान्समिट सगळ्यांत १४५.८५० च, कारण दोन मीटरवर डॉप्लर तीन-साडेतीन किलोहर्ट्झच्या वर जात नाही आणि एफएमला तेवढं चालतं. सहाव्या मेमरीत ७४.४ चा टोन, त्याचा दहा मिनिटांचा टायमर संपून गप्प बसला असेल तर उठवायला.

ऐकू येतं ते मात्र झकास. क्षितिजावरून पाच-सहा अंश वर आला की खरखरीतून आवाज फुटायला लागतात आणि डोक्यावर असताना तर माणूस शेजारच्या खोलीत बसून बोलतोय असं वाटतं. मी दोघांचं बोलणं संपायची वाट बघतो, पीटीटी (बोलायचं बटण) दाबतो, कॉलसाइन (परवान्यावरची माझी ओळख) सांगतो, सोडतो, आणि काही नाही. कोणीतरी तिसराच चौथ्याला हाक मारत असतो. नऊ पास असे गेले. लग्नाच्या पंगतीत वाढपी आपल्यालाच सोडून पुढे जातो तसं वाटतंय.

मागच्या रविवारी म्हटलं आपला आवाज खाली येतो का ते तरी बघू, हँडहेल्ड एका वेळी एकच काम करतो ना, बोलताना त्याला ऐकू येत नाही. म्हणून लॅपटॉपला एसडीआर डोंगल (छोटा रिसीव्हर) लावून शेजारी स्टुलावर ठेवला. वॉटरफॉलवर (स्क्रीनवर सिग्नल रेघांत दाखवणारं चित्र) सॅटेलाइटची रेघ सुंदर दिसत होती, हळूहळू वाकत जाणारी. पीटीटी दाबली की रेघ गायब! सोडली की परत हजर. आणि दाबलेली असताना ४३७.५५ च्या आसपास एक जाडजूड पिवळी रेघ, ती कुठून आली देव जाणे. मग मला अशी शंका की मी बोललो की सॅटेलाइटच गप्प होतो, म्हणजे माझा कॅरियर (आवाज वाहून नेणारी लहर) पोचतोय पण आवाज नाही. माइक मात्र जमिनीवर मित्राशी बोलून तपासलाय, ठणठणीत आहे.

पॉवर कमी पडते का? अँटेना बदलू? शेजारचे आजोबा परवा विचारत होते की तुमच्या टीव्हीला रेंज नाहीये का, म्हणजे इज्जत पण जायला लागलीये.

---

फुल्लपॉवर:

५ वॉटने काय होणार रे भाऊ, गाडीत लावायचा मोबाइल रेडिओ घे ५० वॉटचा आणि हाण. मी तसंच करतो, पहिल्या हाकेला उत्तर.

---

जुना व्हॉल्व्ह:

फुल्लपॉवर, तुमच्यासारख्यांमुळेच बाकीच्यांना उत्तर मिळत नाही हो. एकच चॅनल आहे, एफएम आहे, जो जोरात तोच ऐकू येतो. ५ वॉट आणि हातातली यागी एसओ-५० ला पुरते, लोक रोज करतात.

गच्चीबहाद्दर, तुमच्या त्या पिवळ्या रेघेचं बघू आधी. १४५.८५० ला तीनने गुणा. ४३७.५५० आलं ना? ती तुमच्याच रेडिओची तिसरी हार्मॉनिक, दुसरं काही नाही. दोन मीटरवर वर आणि सत्तर सेंटिमीटरवर खाली अशी जोडी असली की हे दुखणं ठरलेलंच. आणि सॅटेलाइटची रेघ गायब होते ती सॅटेलाइट गप्प झाला म्हणून नाही, तुमचा डोंगल बहिरा झाला म्हणून. तो बिचारा शेकडो किलोमीटरवरून येणारी पाव वॉटची कुजबुज ऐकायला बसलाय (एसओ-५० ची ट्रान्समिट पॉवर २५० मिलिवॉटच आहे) आणि तुम्ही हातभर अंतरावरून त्याच्या कानात ५ वॉटने ओरडताय.

खात्री करायची तर सॅटेलाइट वर नसताना करा. ४३६ च्या आसपास एखादा बारीक सिग्नल डोंगलवर दिसत ठेवा आणि डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, लहरी बाहेर न सोडणारा) लावून पीटीटी दाबा. तरी बारीक सिग्नल बुडाला तर रेडिओच्या डब्यातूनच गळतंय. डमी लोडवर टिकला आणि यागी लावल्यावर बुडाला तर अँटेनातून घुसतंय, मग डोंगलच्या तोंडाशी दोन मीटर अडवणारा फिल्टर लावा किंवा सरळ डोंगल लांब न्या.

पण हे सगळं झालं तुमच्या कानाचं. आवाज वर का जात नाही त्याचं उत्तर यात नाही. त्यासाठी स्वतःचा डाउनलिंक (वरून खाली परत येणारा आवाज) ऐकायलाच हवा, त्याशिवाय अंधारात दगड मारणं आहे.

---

तिरपी यागी:

यागी फिरवता का? म्हणजे सॅटेलाइटकडे धरणं वेगळं आणि मनगट पिळणं वेगळं. तो वर स्वतःभोवती गिरक्या घेत असतो, त्याचं पोलरायझेशन (लहरींची आडवी-उभी दिशा) सारखं बदलतं, आडवी धरून आवाज बुडाला की मनगट पाव फेरा वळवायचं, फरक कानाला लगेच कळतो. मी पहिला महिनाभर आडवीच धरून उभी होते पुतळ्यासारखी. आणि एक, टीएलई (सॅटेलाइटच्या कक्षेचे आकडे) जुने नाहीत ना? घड्याळ बरोबर आहे ना?

---

गच्चीबहाद्दर:

तिरपीताई, टीएलई त्याच दिवशी उतरवलेले, घड्याळ फोनचं, आणि तो ऐकू येतो अगदी ठरल्या मिनिटाला, त्यामुळे तिकडे गडबड नसावी. मनगटाचं मात्र खरंच माहीत नव्हतं, आज केलं आणि खड्डे बरेच भरले, धन्यवाद.

व्हॉल्व्हकाका, टेस्ट केली. डमी लोडवर सिग्नल थोडा दबला पण टिकला, यागी लावली की साफ. म्हणजे अँटेनातूनच. मग मित्राला पटवला, तो डोंगल आणि एक साधी अँटेना घेऊन साठ-सत्तर पावलांवर जाऊन बसला, रेकॉर्डिंग चालू. माझ्या खिशात फोनवर वेगळं रेकॉर्डिंग, म्हणजे मी कुठल्या सेकंदाला बोललो ते कळावं. रात्री दोन्ही फायली शेजारी शेजारी लावून ऐकल्या.

आता गंमत ऐका. पास सुरू होताना मी दोनदा हाक मारली, तिथे माझा आवाज आहे! फाटका, अर्धा खरखरीत गेलेला, पण मीच. अंगावर काटा आला राव. सॅटेलाइट तेव्हा आठ अंशावर. आणि मग तो वर आला, साठ अंशाच्या वर गेला, आणि तिथे माझा आवाज नावालाही नाही. एका ठिकाणी तर कोणीच बोलत नव्हतं, मी सहा सेकंद सलग बोललोय आणि खाली नुसती खरखर, कॅरियरसुद्धा उठला नाही. आणखी एका ठिकाणी एक जण बोलत होता, चुकून मी मधेच दाबलं, आणि बरोब्बर तेवढा वेळ त्याच्या वाक्याला भोक पडलंय. मी सोडलं की तो परत.

लांब असताना पोचतो आणि जवळ आल्यावर पोचत नाही? हे उलटं नाही का होत?

---

जुना व्हॉल्व्ह:

उलटंच आहे. क्षितिजावर तो तीनेक हजार किलोमीटर लांब असतो आणि डोक्यावर साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे नुसत्या अंतराने तेरा डीबीचा (सिग्नल वीसेक पट जोरात) फायदा. तुम्ही वर असताना जास्त जोरात पोचताय यात वाद नाही. त्या दुसऱ्या माणसाच्या वाक्यात भोक पडलं तोच पुरावा.

पोचताय, पण दार उघडत नाहीये.

---

खरखर:

टोन लावला का हे विचारू नका म्हणालात म्हणून विचारत नाही. पाचही मेमरींत लावलाय का, एवढंच सांगा 😄

---

गच्चीबहाद्दर:

…

थांबा. बघून सांगतो.

---

गच्चीबहाद्दर:

मला जोड्याने मारा.

पहिली मेमरी मी पुस्तक समोर ठेवून सावकाश केली होती, टोन वगैरे घालून. बाकीच्या चार त्याच रात्री झोप आलेली असताना, रिसीव्ह बदल, ट्रान्समिट टाक, सेव्ह कर, पुढची. दोन ते पाच, चारींमध्ये टोन ऑफ. आणि स्क्रीनवर दिसलं कसं नाही, तर मी डिस्प्ले नावावर ठेवलाय, "एसओ एक", "एसओ दोन" असं मोठ्या अक्षरात, हौसेने, त्यामुळे फ्रिक्वेन्सी दिसत नाही आणि वरच्या कडेला टोनची जी इवलीशी खूण येते तिच्याकडे गच्चीवर उन्हात कोण बघतंय. तपासलं पण कसं, तर दर वेळी पहिलीच मेमरी उघडून. तिथे टोन आहे. झालं समाधान.

दुसऱ्या हँडहेल्डला ६७ चा टोन स्क्वेल्च (तो टोन आला तरच आवाज सोडणारी सोय) लावला, सॅटेलाइट वर नाही बघून डमी लोडवर कमी पॉवरने एकेक मेमरी दाबून पाहिली. पहिलीवर दुसरा रेडिओ लगेच बोलला. दुसरीवर मुका. तिसरीवर मुका. पुढचं सांगायला नको.

---

जुना व्हॉल्व्ह:

चला, सापडलं. आणि तुमची पहिली शंका अगदीच चूक नव्हती बरं का. एफएमचा रिसीव्हर जोराचा असतो त्यालाच धरतो. तुम्ही बिनटोनचे आणि जोरात, तर तो समोरच्याला सोडून तुम्हाला धरणार, तुमच्यात टोन नाही म्हणून दार लावून घेणार. म्हणजे नऊ पास तुम्ही खरोखरच अधूनमधून सॅटेलाइटला गप्प करत होतात. तेव्हा बाहेर सांगत बसू नका.

आणि तो ७४.४ प्रत्येक पासला सोडू नका. बोलणं ऐकू येतंय म्हणजे तो जागा आहे, कोणीतरी आधीच उठवलाय.

---

फुल्लपॉवर:

५० वॉट असते तर हे आधीच कळलं असतं.

---

तिरपी यागी:

५० वॉट असते तर भोक जास्त मोठं पडलं असतं 😂

---

गच्चीबहाद्दर:

अपडेट. आज दुपारचा पास, फार उंच नव्हता, चाळीस अंश. चारही मेमरी दुरुस्त. तिसऱ्या मेमरीवर गर्दी जरा विरळ झाल्यावर कॉलसाइन आणि ग्रिड (मी नकाशावर कुठे आहे त्याचा कोड) सांगितलं, सोडलं, आणि समोरून माझाच कॉलसाइन परत. पूर्ण. मी इतका गांगरलो की स्वतःच्या ग्रिडची शेवटची दोन अक्षरं उलटी सांगितली, त्याने दोनदा विचारून घेतली, मग "क्यूएसएल" (म्हणजे मिळालं) म्हणून गेला पुढे. एकूण पंधरा सेकंद असतील. मनगट दुखतंय.

आता दोन शेपट्या उरल्यात. एक, डोंगल शेजारी ठेवूनच चालवायचाय, रोज मित्राला कुठे पिटाळू, तर दोन मीटर अडवणारा फिल्टर घरी करता येईल का? दुसरं, याच्यानंतर आरएस-४४ हा दुसरा सॅटेलाइट बघू का? तिथे वर १४५ आणि खाली ४३५ च, पण एफएमऐवजी साइडबँड आणि उलटा ट्रान्सपाँडर (वर फ्रिक्वेन्सी वाढवली की खाली कमी होते).

---

जुना व्हॉल्व्ह:

फिल्टर होतो. ४३६ सोडायचं आणि १४५ अडवायचं, दोघांत तिप्पट अंतर आहे, दोन-तीन कॉइल आणि चार कपॅसिटरचा साधा हायपास पुरेल, फक्त पत्र्याच्या डबीत बांधा. आरएस-४४ ला मात्र बोलता बोलता स्वतःला ऐकणं सक्तीचं धरा, तिथे डॉप्लरने आवाज किनरा-घोगरा होतो आणि स्वतःला ऐकल्याशिवाय जुळवता येत नाही, हँडहेल्ड तर चालणारच नाही. त्यामुळे आधी फिल्टर, मग आरएस-४४. आणि कधीतरी एओ-७ हा जुना सॅटेलाइट ऐका. १९७४ चा आहे, १९८१ ला बॅटरी गेली म्हणून सगळ्यांनी नाद सोडला आणि २००२ ला परत बोलायला लागला. बॅटरी गेलेलीच आहे, उन्हात असला की चालतो, सावलीत गेला की मिटतो.

---

खरखर:

अभिनंदन! एक विचारू? मागच्याच्या मागच्या शनिवारी सकाळचा पास, अगदी सुरुवातीला एक अर्धवट कॉलसाइन ऐकला होता, शेवटची दोनच अक्षरं. मी दोनदा "परत सांगा" म्हटलं आणि पलीकडून काहीच नाही. वहीत प्रश्नचिन्ह घालून ठेवलंय. ती दोन अक्षरं व्यनिमध्ये पाठवतो, बघा तुमचीच आहेत का.

---

गच्चीबहाद्दर:

माझीच. तुम्ही "परत सांगा" म्हणालात तेव्हा मी दुसऱ्या मेमरीवर गेलो होतो.